कोणते प्लुटोनियम?

मराठीत प्लुटोनियमविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात तीन वाक्ये बहुधा भेटतात. पहिले : प्लुटोनियमचे अर्धायुष्य चोवीस हजार वर्षे आहे. दुसरे : म्हणून ते चोवीस हजार वर्षे धोकादायक राहते. तिसरे : ते जगातील सर्वांत विषारी द्रव्य आहे. विज्ञान प्रदर्शनातील तक्ते, वक्तृत्वस्पर्धेतील भाषणे, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या अशा ठिकाणी ही वाक्ये एकामागून एक येतात आणि ती इतकी पाठ झालेली असतात, की त्यांचा अर्थ तपासावा असे कोणाला वाटत नाही.

या लेखात आम्ही ही तीन वाक्ये तपासणार आहोत. आमच्या मते त्यांतील पहिले अपुरे आहे, दुसरे चुकीचे आहे आणि तिसरे अतिशयोक्त आहे. तिन्ही दोषांचे मूळ मात्र एकच आहे. ते म्हणजे ‘प्लुटोनियम’ हा शब्द अणुवस्तुमानांकावाचून वापरण्याची सवय.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नवी मुंबईतील शिक्षकांना तरी फार लांब शोधावे लागणार नाही. वाशीच्या खाडीपुलावरून दक्षिणेकडे पाहिले, की खाडीच्या पलीकडे तुर्भ्याची टेकडी दिसते. टेकडी आणि पाणी यांच्यामधल्या पट्टीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथे कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ‘सायरस’ ही अणुभट्टी १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झाली. तिच्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा प्रकल्प होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी उभारला आणि जानेवारी १९६५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९७२ साली तेथेच प्लुटोनियम ऑक्साइडच्या इंधनावर चालणारी ‘पूर्णिमा’ ही प्रायोगिक भट्टी सुरू झाली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्यातील प्लुटोनियम ‘सायरस’मधले होते. ‘ध्रुव’ ही मोठी भट्टी १९८५ साली सुरू झाली, तर ‘सायरस’ २०१० च्या अखेरीस कायमची बंद करण्यात आली. तेव्हा खाडीच्या अलीकडच्या शाळांमधील मुलांना प्लुटोनियम हे दूर देशीचे प्रकरण नाही. त्यांनी प्रश्न विचारले, तर पाठ केलेल्या तीन वाक्यांपेक्षा अधिक काही त्यांना मिळायला हवे.

एक नाव, दोन गावे

नवी मुंबईकरांना एक अडचण चांगली परिचयाची आहे. तुर्भे नावाची गावे दोन. एक खाडीच्या पलीकडचे, इंग्रजी कागदपत्रांतले ट्रॉम्बे. दुसरे खाडीच्या अलीकडचे, नवी मुंबईतले. जुन्या मराठी लेखनात ‘तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्र’ असे वाचून अनेकांची समजूत अलीकडच्या तुर्भ्याची होते. नाव एकच असले, तरी पाकिटावर पिनकोड नसेल तर पत्र चुकीच्या काठावर जाऊ शकते.

मूलद्रव्यांचेही असेच आहे. प्लुटोनियमच्या प्रत्येक अणूच्या केंद्रकात ९४ प्रोटॉन असतात. म्हणून त्याचे रासायनिक वर्तन एकच आणि नावही एकच. पण न्यूट्रॉनांची संख्या १४४, १४५, १४६ अशी निरनिराळी असू शकते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. हा अंक म्हणजे त्या केंद्रकाचा पिनकोडच होय. केंद्रक किती काळ टिकेल, त्यातून कोणते कण बाहेर पडतील, उष्णता किती निघेल, ते संथ न्यूट्रॉनांनी फुटेल की नाही, या सर्व गोष्टी नावावरून कळत नाहीत. त्या या अंकावरून कळतात. मुख्य समस्थानिकांची यादी अशी :

प्लुटोनियम-२३८ : अर्धायुष्य ८७.७ वर्षे, अल्फा कण
प्लुटोनियम-२३९ : अर्धायुष्य २४,११० वर्षे, अल्फा कण
प्लुटोनियम-२४० : अर्धायुष्य सुमारे ६,५६० वर्षे; अल्फा कण
प्लुटोनियम-२४१ : अर्धायुष्य १४.३ वर्षे, मुख्यतः बीटा कण
प्लुटोनियम-२४२ : अर्धायुष्य सुमारे ३ लाख ७५ हजार वर्षे, अल्फा कण
प्लुटोनियम-२४४ : अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षे, अल्फा कण

चौदा वर्षांपासून आठ कोटी वर्षांपर्यंत पसरलेली ही यादी पाहिली, की ‘प्लुटोनियमचे अर्धायुष्य किती?’ हा प्रश्नच कसा अपुरा आहे हे ध्यानात येते. चोवीस हजार हे उत्तर फक्त २३९ या अंकाचे आहे. अपुऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर देण्याची सवय मुलांना लागली, तर ती विज्ञानाला मारक आहे.

‘अर्धायुष्य’ या शब्दाविषयी

आता दुसरे वाक्य. यात गोंधळ होण्याचे एक कारण आपल्या परिभाषेत दडलेले आहे. ‘आयुष्य’ म्हणजे जन्मापासून मृत्यूपर्यंतचा काळ. ‘अर्धे आयुष्य नोकरीत गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा उरलेले अर्धे पुढे आहे आणि मग शेवट आहे, असा अर्थ असतो. हाच अर्थ मुले ‘अर्धायुष्य’ या शब्दाला लावतात. मग चोवीस हजार वर्षांनी अर्धे संपले तर अठ्ठेचाळीस हजार वर्षांनी सगळे संपेल, असे उत्तर ती देतात. काही जण तर चोवीस हजार वर्षांनीच धोका संपला असे मानतात. आपले दुसरे वाक्य नेमके तेच सुचवते.

प्रत्यक्षात २४,११० वर्षांनी प्लुटोनियम-२३९ निम्मे उरते, आणखी तेवढ्याच काळाने पाव, मग आठवा हिस्सा. अशी दहा अर्धायुष्ये, म्हणजे २ लाख ४१ हजार वर्षे गेल्यावर मूळच्या १,०२४ भागांतला एक भाग उरतो. याचे कारण असे, की केंद्रकाला म्हातारपण नाही. ‘सायरस’मध्ये १९६० च्या दशकात तयार झालेले प्लुटोनियम-२३९ चे केंद्रक आणि काल तयार झालेले केंद्रक यांपैकी कोणते आधी फुटेल, याची शक्यता अगदी सारखी असते. माणसाचे तसे नसते. ‘अर्धायुष्य’ हा शब्द आता रुळलेला आहे आणि तो बदलावा असा आमचा आग्रह नाही. परंतु तो पहिल्यांदा फळ्यावर लिहिताना ‘निम्मे होण्यास लागणारा काळ’ एवढे शब्द शेजारी लिहिले जावेत.

दुसऱ्या वाक्यात याहून मोठी चूक आहे ती अशी, की अर्धायुष्य जितके मोठे तितका धोका मोठा, असे ते गृहीत धरते. खरे तर तेवढ्याच अणूंचा विचार केला, तर अर्धायुष्य जितके मोठे तितके किरणोत्सर्जन मंद. अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे स्वतः करून पाहू शकतात. एक ग्रॅम प्लुटोनियम-२३९ मध्ये किती अणू? अ‍ॅव्होगाड्रो अंकाला २३९ ने भागले, की २.५२ गुणिले १० चा २१ वा घात एवढे अणू येतात. अर्धायुष्य सेकंदांत मांडले, तर २४,११० वर्षे म्हणजे ७.६१ गुणिले १० चा ११ वा घात एवढे सेकंद. अणूंच्या संख्येला ०.६९३ ने गुणून या सेकंदांनी भागावे. उत्तर येते सुमारे २३० कोटी. म्हणजे एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे २३० कोटी केंद्रके फुटतात.

हेच गणित प्लुटोनियम-२३८ साठी केले, तर उत्तर येते सुमारे ६३,४०० कोटी; म्हणजे जवळजवळ २७५ पट. अर्धायुष्यांचे गुणोत्तरही तेवढेच आहे. उलट युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे आहे आणि एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला फक्त १२,४०० च्या आसपास केंद्रके फुटतात. ‘कोट्यवधी वर्षे टिकणारे’ म्हणून ज्याची भीती घातली जाते, ते बहुधा मंद असते. प्रौढ माणसाच्या शरीरातील नैसर्गिक पोटॅशियम-४० चे उदाहरण घ्या. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे आहे आणि आपल्या प्रत्येकाच्या शरीरात त्याची सुमारे चार हजार केंद्रके दर सेकंदाला फुटत असतात.

याची दुसरी बाजू पाहायची असेल, तर वाशीतच उदाहरण आहे. तेथे २००० सालापासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारा प्रकल्प चालतो. त्यासाठी कोबाल्ट-६० वापरतात. त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. म्हणून तो जोमाने किरण देतो आणि म्हणूनच लवकर दुबळाही होतो. त्याची शक्ती दरवर्षी सुमारे १२ टक्के घटते आणि त्यात मधूनमधून नव्या कोबाल्टची भर घालावी लागते. तीव्रता आणि टिकाऊपणा एकाच वेळी मिळत नाहीत, हा नियम मुलांना मिरचीपुडीच्या पाकिटापासूनही शिकवता येईल.

अणुभट्टीतले मिश्रण

पहिल्या वाक्याच्या समर्थनार्थ कोणी म्हणेल, की व्यवहारात प्लुटोनियम म्हणजे २३९ च. मग एवढी चिकित्सा कशाला? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. त्याला उत्तर द्यायचे तर प्लुटोनियम कसे तयार होते ते पाहावे लागेल.

अणुभट्टीत युरेनियम-२३८ एक न्यूट्रॉन पकडते आणि युरेनियम-२३९ होते. त्यातून एक बीटा कण बाहेर पडून नेपच्युनियम-२३९ बनते आणि दुसरा बीटा कण बाहेर पडला, की प्लुटोनियम-२३९ मिळते. ही सर्व क्रिया काही दिवसांत पुरी होते. पण इंधन भट्टीतच राहिले, तर नव्या प्लुटोनियमवरही न्यूट्रॉन आदळत राहतात. संथ न्यूट्रॉन गिळल्यावर चारांतील सुमारे तीन वेळा केंद्रकाचे विखंडन होते. उरलेल्या एका वेळी ते न फुटता २४० होते. पुढे २४० चे २४१ आणि २४१ चे २४२ होते. म्हणजे इंधन भट्टीत किती काळ ठेवले, त्यावर मिश्रण ठरते. थोडा काळ ठेवले तर बहुतांश २३९; दीर्घकाळ ठेवले तर सगळ्यांची खिचडी. एकदा मिश्रण तयार झाले, की रासायनिक क्रियेने ते निवडता येत नाही. इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून ट्रायब्युटिल फॉस्फेटच्या साहाय्याने युरेनियम व प्लुटोनियम वेगळे करता येतात, पण २३९ आणि २४० यांचे रसायनशास्त्र एकच असल्याने ते बरोबरच येतात. ‘शुद्ध प्लुटोनियम’ या शब्दप्रयोगाने येथे आणखी घोटाळा होतो. रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ते शुद्ध असते. अणुशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ते मिश्रण असते.

आता समृद्ध युरेनियम वापरणाऱ्या वीजभट्टीत दीर्घकाळ राहिलेल्या इंधनातून नुकतेच काढलेले १०० ग्रॅम प्लुटोनियम घेऊ. त्याचे घटक साधारणपणे असे मानता येतील : २३८ दोन ग्रॅम, २३९ पंचावन्न ग्रॅम, २४० पंचवीस ग्रॅम, २४१ बारा ग्रॅम आणि २४२ सहा ग्रॅम. वजनाने २३९ निम्म्याहून अधिक आहे. पण अल्फा कणांची मोजणी केली, तर चित्र पालटते. पंचावन्न ग्रॅम २३९ मधून निघणारे अल्फा कण एकूण अल्फा कणांच्या सुमारे ८ टक्केच भरतात, आणि दोन ग्रॅम २३८ मधून जवळजवळ ८० टक्के अल्फा कण निघतात. बीटा कणही जमेस धरले, तर २३९ चा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतो, कारण २४१ फार वेगाने फुटत असते. म्हणजे ज्या समस्थानिकाचे अर्धायुष्य आपण पाठ करतो, तो या ताज्या मिश्रणाच्या किरणोत्सर्जनात अगदी किरकोळ भागीदार आहे.

शिवाय हे मिश्रण स्थिर नाही. प्लुटोनियम-२४१ पन्नास वर्षांत मूळच्या ९ टक्क्यांवर येते आणि त्यातून अमेरिसियम-२४१ तयार होते. त्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षे असून ते अल्फा कणांबरोबर गॅमा किरणही देते. म्हणून जुने प्लुटोनियम हाताळणे ताज्यापेक्षा कटकटीचे असते. वर्षे गेली म्हणजे किरणोत्सर्ग सर्व अर्थांनी कमीच होणार, हाही समज येथे खोटा ठरतो.

या बाबतीत मोठमोठे शास्त्रज्ञही फसले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस येथे प्लुटोनियमचा एक तुकडा दुसऱ्यावर बंदुकीच्या गोळीसारखा आदळवून बॉम्ब करण्याचा बेत होता. त्याचा आधार सायक्लोट्रॉनमध्ये मिळालेल्या अत्यल्प नमुन्यांवरची मोजमापे हा होता. १९४४ साली अणुभट्टीत तयार झालेले नमुने आले, तेव्हा एमिलिओ सेग्रे यांना त्यांत उत्स्फूर्त विखंडनाचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. कारण प्लुटोनियम-२४०. त्याच्या एका ग्रॅममधून दर सेकंदाला हजाराच्या आसपास न्यूट्रॉन आपोआप बाहेर पडतात. २३९ मधून पन्नास सेकंदांतून जेमतेम एक. बंदुकीची योजना जुलै १९४४ मध्ये सोडून द्यावी लागली आणि गोळ्याला सर्व बाजूंनी दाबणारी वेगळी रचना करावी लागली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकला गेला तो या दुसऱ्या रचनेचा बॉम्ब. ज्या फरकाने त्या काळच्या सर्वांत मोठ्या शास्त्रीय प्रकल्पाची दिशा बदलली, तो फरक ‘प्लुटोनियम’ या नुसत्या शब्दात दिसत नाही.

नंदादेवीवरचे प्लुटोनियम

आपल्याकडचे एक उदाहरण याहून बोलके आहे. १९६५ साली चीनच्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकी व भारतीय गुप्तचर यंत्रणांनी नंदादेवी शिखरावर एक उपकरण बसवण्याची मोहीम काढली. त्याला वीज पुरवणारे जनित्र प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारे होते. हवामान बिघडल्याने ते पर्वतावरच ठेवून गिर्यारोहकांना परतावे लागले आणि पुढच्या वर्षी ते जागेवर सापडले नाही. १९७८ साली ही गोष्ट उघड झाली, तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावे लागले.

या जनित्राविषयी लिहिताना आजही चोवीस हजार वर्षांचा आकडा सहज ठोकून दिला जातो. परंतु अशा जनित्राचे इंधन प्रामुख्याने प्लुटोनियम-२३८ असते. २३९ च्या एका ग्रॅममधून सुमारे दोन सहस्रांश वॉट उष्णता मिळते, २३८ मधून अर्ध्या वॉटहून अधिक. म्हणूनच १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने सूर्यापासून इतक्या दूर जाऊनही त्यावर चालत राहिली. नंदादेवीवरील २३८ पैकी २०२५ सालापर्यंत, म्हणजे साठ वर्षांत, सुमारे ६२ टक्के उरले असले पाहिजे. चोवीस हजारांचा आकडा लावला तर ‘जवळजवळ सगळेच शिल्लक आहे’ असे उत्तर येते आणि तेही ‘मंद आहे’ अशा चुकीच्या दिलाशासह. हे जनित्र म्हणजे बॉम्ब नव्हता, त्यामुळे स्फोटाची भीती अनाठायी आहे. कवच फुटल्यास द्रव्य गंगेच्या उगमाकडील प्रवाहांत मिसळेल काय, ही चिंता मात्र रास्त आहे. भीती कोणती खरी आणि कोणती खोटी, हे ठरवायलाही अणुवस्तुमानांक आधी कळावा लागतो.

‘सर्वांत विषारी’?

राहिले तिसरे वाक्य. वजनाच्या मानाने पाहिले, तर बोटुलिनम हे जिवाणूंपासून मिळणारे विष प्लुटोनियमपेक्षा कितीतरी अधिक मारक आहे. किरणोत्सर्गी द्रव्यांपुरते बोलायचे, तर २००६ साली लंडनमध्ये अलेक्झांडर लिटविनेन्को यांच्या हत्येसाठी वापरलेल्या पोलोनियम-२१० चे अर्धायुष्य १३८ दिवस आहे आणि त्याचा एक ग्रॅम प्लुटोनियम-२३९ च्या सुमारे सत्तर हजार पट वेगाने फुटतो. ‘सर्वांत विषारी’ हे विशेषण त्यामुळे टिकत नाही.

पण येथे दुसऱ्या बाजूलाही दोष द्यावा लागतो. अणुऊर्जेची बाजू मांडणारी व्याख्याने व पुस्तिका पुष्कळदा म्हणतात, ‘अल्फा कण कागदानेसुद्धा अडतात, त्वचेच्या आत शिरत नाहीत, तेव्हा भिण्याचे कारण नाही.’ यातला पूर्वार्ध खरा आहे. अल्फा कण हवेत तीन-चार सेंटिमीटर जातात. उत्तरार्ध मात्र अर्धसत्य आहे. प्लुटोनियमची बारीक धूळ श्वासावाटे फुफ्फुसात गेली, तर मध्ये कागदही नाही आणि त्वचेचा मृत थरही नाही. अल्फा कणाची सगळी ऊर्जा मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या अंतरात, जिवंत पेशींत खर्च होते. तेथून ते यकृतात आणि हाडांत जाऊन बसते व दशकानुदशके राहते. याउलट ते पोटात गेले, तर आतड्यांतून हजारांत एका भागाहूनही कमी शोषले जाते. म्हणजे तेच द्रव्य, तेवढेच वजन. पण नाकातून गेले की तोंडातून, यावर परिणाम अवलंबून.

पुरावा काय सांगतो? लॉस अ‍ॅलामॉस येथे युद्धकाळात काम करताना शरीरात प्लुटोनियम गेलेल्या २६ जणांची पुढे पन्नास वर्षे तपासणी केली गेली. त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमीच निघाले. मात्र एकाला हाडाचा दुर्मीळ कर्करोग झाला. केवळ २६ जणांवरून निर्धास्त होता येत नाही. रशियातील मायाक येथील कामगारांची संख्या कितीतरी मोठी होती आणि त्यांना मिळालेली मात्राही अधिक होती. तेथे फुफ्फुस, यकृत आणि हाडे यांचे कर्करोग प्लुटोनियमच्या मात्रेबरोबर वाढलेले स्पष्ट दिसले. तात्पर्य, कणभराने गाव मरत नाही, आणि ‘काही होत नाही’ हेही खरे नाही.

वर्गात काय करता येईल

टीका करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून तीन सूचना.

पहिली : कोणत्याही किरणोत्सर्गी द्रव्याविषयी बातमी वा दावा आला, की विद्यार्थ्यांकडून चार प्रश्न विचारून घ्यावेत. कोणता समस्थानिक? किती? कोणत्या रूपात, म्हणजे धातू, ऑक्साइड, द्रावण की धूळ? आणि शरीराबाहेर की शरीरात? भीती घालणाऱ्याला आणि धीर देणाऱ्याला, दोघांनाही हेच प्रश्न विचारावेत. खाडीकाठच्या नागरिकाला उद्या एखादी बातमी वाचून घाबरायचे की नाही हे ठरवायचे असेल, तर त्याला याच चार उत्तरांची गरज पडेल.

दुसरी : एक सोपा खेळ. ६४ नाणी आणि ३६ फासे घ्यावेत. फासे नसतील तर लाकडाचे चौकोनी ठोकळे करून एका बाजूला खूण करावी. सगळे एकत्र टाकावेत. छापा पडलेली नाणी आणि खूण वर आलेले फासे बाजूला काढावेत. उरलेले पुन्हा टाकावेत. पहिल्या टाकीनंतर सुमारे ६२ उरतात, दुसऱ्यानंतर ४१, तिसऱ्यानंतर २९, चौथ्यानंतर २१. आकडे थोडे मागेपुढे होतील. वर्गातील सर्व गटांची सरासरी काढावी. शंभराचे पन्नास व्हायला दोन टाकीही लागत नाहीत, पण एकविसाचे निम्मे व्हायला तीन लागतात. कारण नाणी लवकर संपतात आणि मागे फासे राहतात. या ढिगाचे ‘अर्धायुष्य’ किती, असे मग विचारावे. मिश्रणाला एकच अर्धायुष्य नसते, हे उत्तर मुले स्वतःच देतील. त्यांनी आलेख काढला तर अधिकच चांगले.

तिसरी सूचना प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी. ‘प्लुटोनियमचे अर्धायुष्य किती?’ या एका गुणाच्या प्रश्नाऐवजी पुढील प्रश्न द्यावा : ‘एका पेटीत एक ग्रॅम प्लुटोनियम-२३८ आणि एक ग्रॅम प्लुटोनियम-२३९ आहे. आज कोणत्या ग्रॅममधून अधिक कण बाहेर पडतील? एक हजार वर्षांनी कोणत्या ग्रॅममधून अधिक पडतील?’ सुमारे साडेअकरा अर्धायुष्ये उलटल्यावर २३८ चा अडीच-तीन हजारावा हिस्साच उरतो, तर २३९ सत्त्याण्णव टक्के शिल्लक असते. पहिले उत्तर २३८ आणि दुसरे २३९. ज्या विद्यार्थ्याने दोन्ही उत्तरे कारणांसह लिहिली, त्याला चोवीस हजार हा आकडा आठवला नाही तरी आम्ही त्याला पूर्ण गुण देऊ.